विश्लेषण : डोळे ठणठणीत, तरी नीट दिसत नाही? काय आहे ‘पीसीए’?

वाचताना ओळ सुटते. समोरचा कप उचलायला गेलं की हात बाजूलाच पडतो. जिना उतरताना पायरीचा अंदाज येत नाही. पन्नाशी-साठीत असं व्हायला लागलं की कुणीही आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जाणार. चष्मा बदलतो, कधी मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही होते, त्रास मात्र तसाच राहतो.

अशा वेळी दोष मेंदूत असू शकतो. ‘पोस्टेरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी’ म्हणजे पीसीए हा डिमेन्शियाचा दुर्मीळ प्रकार आहे. डोळ्यांनी टिपलेल्या दृश्याचा अर्थ लावणारा मेंदूचा मागचा भाग यात झिजत जातो. बहुतेक रुग्णांमध्ये मुळाशी अल्झायमरच असतो, पण सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत राहते. निदान लांबतं ते यामुळेच. ज्याला सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत, त्याला डिमेन्शिया आहे हे कुणाला पटणार?

‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेचे ब्रिटिश लेखक टेरी प्रॅचेट यांना २००७ मध्ये पीसीएचं निदान झालं. टायपिंग जमेनासं झाल्यावर त्यांनी तोंडी सांगून पुस्तकं लिहिली. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

घरात काय करता येईल?

आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही. घरातले साधे बदल मात्र उपयोगी पडतात. पांढऱ्या ताटातला भात दिसत नसेल, तर गडद रंगाचं ताट घ्या. नक्षीदार सतरंजी काढून टाका, पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावा, वस्तू रोज त्याच जागी ठेवा. गाडी चालवणं थांबवावं लागतं आणि घरात सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात. ‘नीट बघ ना’ म्हणणं तर बंदच करायला हवं. ती व्यक्ती नीटच बघत असते.

मदत कुठे मिळेल?

डोळ्यांच्या तपासणीत काही सापडलं नाही, तर न्यूरॉलॉजिस्टना भेटा. नेमकं काय चुकतं, कधी चुकतं, हे लिहून न्या. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही १९९२ पासूनची संस्था कुटुंबांना मार्गदर्शन करते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची ‘रेअर डिमेन्शिया सपोर्ट’ ही सेवा खास पीसीएसाठी आधारगट चालवते. ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हा क्रमांक ज्येष्ठांसाठी आहे, पीसीएचे अनेक रुग्ण मात्र साठीच्या आतलेच असतात. ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकाला वयाची अट नाही. रुग्णाला सांभाळून थकलेल्या माणसानेही तिथे स्वतःसाठी फोन करायला हरकत नाही.