वारूळ बांधतं कोण?

नागपंचमीला आपण ज्या वारुळाला हळदकुंकू वाहतो, ते बांधलेलं असतं वाळवीने. माणसाच्या उंचीला पोचणारं हे बांधकाम करणारे कामकरी जेमतेम काही मिलिमीटरचे, आणि आंधळे! त्यांच्यावर मुकादम नाही. राणी आत खोलवर अंडी घालत असते, हुकूम सोडत नाही.

मग भिंत नेमकी कुठे उभारायची, हे कळतं कसं? फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये याचं विलक्षण उत्तर दिलं: बांधकामच पुढचं बांधकाम सुचवतं. एकीने लाळेत कालवलेली मातीची गोळी ठेवली, की तीच दुसरीसाठी खूण होते. गोळीवर गोळी चढून खांब होतो, शेजारचे दोन खांब एकमेकांकडे झुकतात आणि कमान जुळते. संपूर्ण वारूळ कुणाच्याही डोक्यात नसतं.

हे कसब आलं कुठून? वाळवी मुळात झुरळांच्या कुळातली. तिचं सर्वांत जवळचं नातलग म्हणजे क्रिप्टोसर्कस हे झुरळ. ते सडक्या ओंडक्यात राहतं, तोच ओंडका खातं आणि पिलांना सोबत ठेवतं. ठेवावंच लागतं, कारण लाकूड पचवणारे सूक्ष्मजीव पिलांच्या पोटात जन्मतः नसतात; आईबापांच्या गुदद्वारातून पाझरणारा द्रव चाटून ते मिळवावे लागतात. किळस वाटेल, पण मला तरी या कुटुंबव्यवस्थेचा पाया इथेच दिसतो. लाकूडखाऊ वाळवीत तर प्रत्येक कात टाकताना हे सूक्ष्मजीव जातात आणि सोबत्यांकडून पुन्हा घ्यावे लागतात. एकटीने जगायची सोयच नाही.

काही वाळव्या आजही अशाच ओंडक्यात राहतात. घर हेच अन्न. काहींनी मात्र अन्न बाहेर शोधायला सुरुवात केली. आता घर खाऊन संपणार नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येणार होतं. आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी काहींनी घरात बुरशीची शेतीही सुरू केली. आपल्याकडचे वारूळ बांधणारे त्याच वंशातले.

शेती आली तशी हवेची गरज वाढली, कारण बुरशीही श्वसन करते. बेंगळुरूजवळच्या वारुळांत मोजमापं घेऊन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की दिवसा बाहेरच्या भिंती गाभ्यापेक्षा तापतात, रात्री निवतात, आणि या फरकाने आतली हवा फिरत राहते. रात्री तिची दिशा उलटते. सच्छिद्र भिंतींतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो.

पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी चविष्ट अळंबी म्हणजे याच शेतातल्या बुरशीची छत्री. वाळवीच्या घराबाहेर ही बुरशी स्वतंत्रपणे जगताना आढळत नाही.