होम्फ्रेगंजला आम्ही गेलो नव्हतो

आम्हा पनवेलकरांना हद्दपारीची गोष्ट परकी नाही. शिरढोण आमच्याच तालुक्यातले. तिथल्या वासुदेव बळवंतांना इंग्रजांनी एडनला नेले आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. म्हणूनच बँकेत असताना एलटीसी घेतली तेव्हा आम्ही अंदमान ठरवले. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडले, सौ.ने डोळे पुसले, आणि आम्ही कृतार्थ होऊन परतलो. बेटावर राहणारी माणसे आमच्या हिशेबात नव्हतीच.

त्यांची कहाणी निवृत्तीनंतर वाचनात आली. २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौज पोर्ट ब्लेअरला उतरली. इंग्रजांनी आपली पलटण आधीच हलवली होती. तुरुंगातले कैदी सुटले. गोरा गेला, आता आपले दिवस आले, असे अनेकांना वाटले असेल. पण दिवस आले ते संशयाचे. हेर म्हणून माणसे धरली जाऊ लागली आणि त्याच कोठड्या पुन्हा भरल्या.

इंडियन इंडिपेंडन्स लीगचे तिथले अध्यक्ष डॉ. दिवाण सिंग हेही त्यांत होते. २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी बेटावर आले, दुसऱ्या दिवशी तिरंगा फडकला. डॉक्टर त्या वेळी तुरुंगातच होते. १४ जानेवारी १९४४ ला छळाने त्यांचे प्राण गेले. ३० जानेवारीला होम्फ्रेगंज येथे हेरगिरीच्या आरोपावरून ४४ जणांना गोळ्या घातल्या.

म्हणजे तो तिरंगा खोटा होता का? मुळीच नाही. तो पाहून ज्यांचा ऊर भरून आला, त्यांचा आनंद खराच होता. आणि महिन्याभराने ज्यांच्या घरचा माणूस परतला नाही, त्यांचे दुःखही खरेच. उभा जन्म मी जमाखर्च जुळवण्यात घालवला. हा एक काही जुळत नाही. एका बाजूची माणसे दुसऱ्या बाजूतून वजा करता येत नाहीत.

ऑक्टोबर १९४५ मध्ये जपान्यांनी पोर्ट ब्लेअरला शस्त्रे खाली ठेवली. सुटका झाली खरी, पण दारात पुन्हा जुनाच मालक उभा! स्वातंत्र्य यायला १९४७ उजाडले. २०१८ मध्ये हॅवलॉक बेट 'स्वराज द्वीप' झाले आणि नील बेट 'शहीद द्वीप'. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे 'श्री विजयपुरम' झाले.

नातवंडांना घेऊन अंदमानला जाणार असाल, तर सेल्युलर जेल जरूर दाखवा. मग गाडीवाल्याला होम्फ्रेगंजला न्यायला सांगा. तिथे त्या चव्वेचाळीस जणांचे स्मारक आहे. घटकाभर थांबा.

आम्ही गेलो नव्हतो. कुणी सांगितलेच नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.