मोबाइलवरील जाहिरात आणि कायद्याची मर्यादा

राणीसावरगावासारख्या गावी जाहिरात पोहोचण्याचे मार्ग पूर्वी मोजके होते. रस्त्याकडेची रंगविलेली भिंत, बाजारात वाटली जाणारी पत्रके, वर्तमानपत्राचा एखादा रकाना, पंचांगाची शेवटची पाने, इतकेच. पत्रकाच्या तळाशी छापखान्याचे नाव असे व तक्रार करावयाची झाल्यास माणूस सापडे. आज तीच जाहिरात पालकाच्या मोबाइलवर नातलगाने पुढे पाठविलेल्या संदेशाच्या रूपाने येते, आणि ती जाहिरात आहे हेही पुष्कळदा ओळखू येत नाही. मधुमेह समूळ नाहीसा करणारे चूर्ण, घरात ठेवताच कर्ज फिटविणारे यंत्र, मुलगाच होण्याची हमी देणारे औषध, असे काय काय त्यात असते. पालक मोबाइल घेऊन शाळेत येतो व विचारतो, ‘‘गुरुजी, हे खरं हाय का?’’ त्याला उत्तर देणे फारसे कठीण नाही. कठीण असतो तो पुढचा प्रश्न: ‘‘खोटं असंल तर सरकार बंद का करीत नाही?’’

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेपासून सुरू होते. अनुच्छेद १९ ने नागरिकास भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील हेही सांगितले आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रूनुकसानी, गुन्ह्यास चिथावणी इत्यादी कारणे त्या यादीत आहेत. ‘असत्य’ हे कारण मात्र तीत नाही. केवळ चुकीचे बोलला म्हणून कोणाचे तोंड बंद करण्याचा अधिकार घटनेने शासनास दिलेला नाही. असत्य विकून पैसे मिळविणे ही गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि कायद्याचा सारा रोख या भेदावर आहे.

हा भेद जुना आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ साली झाला. मधुमेह, कर्करोग यांसारख्या ठरावीक रोगांवर हमखास इलाज असल्याची जाहिरात करण्यास, तसेच ताईत, मंत्र यांनी रोग बरा होतो असे सांगण्यास त्याने बंदी घातली. हमदर्द दवाखान्याने या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९५९ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, निषिद्ध औषध खपविण्यासाठी केलेली जाहिरात हा व्यापाराचा भाग होय, विचारांचा प्रसार नव्हे. त्याच निकालात न्यायालयाने रोगांच्या यादीत शासनास हवी तशी भर घालू देणारे शब्द आणि माल जप्त करण्याची तरतूदही रद्द केली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेस व महानगर टेलिफोन निगम यांच्या मुंबईतील वादात, प्रामाणिक जाहिरातीसही अभिव्यक्तीचे संरक्षण आहे, फसव्या जाहिरातीस नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मराठवाड्यातील शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या वेळच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाचा आहे. परभणी जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. दूरचित्रवाणीवर ‘हनुमान चालीसा यंत्रा’च्या जाहिराती दाखविल्या जात होत्या. त्याविरुद्ध २०१५ साली याचिका करणारे गृहस्थ व्यवसायाने शिक्षक होते. ५ जानेवारी २०२१ रोजी खंडपीठाने निर्णय दिला की, कोणत्याही देवाचे नाव घेऊन एखाद्या वस्तूत अलौकिक शक्ती असल्याचे सांगत तिची जाहिरात करणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये बेकायदेशीर आहे. अशा जाहिराती दाखविल्या जाऊ नयेत म्हणून मुंबईत स्वतंत्र कक्ष स्थापण्याचा आदेशही झाला.

या कायद्याविषयी खेड्यात एक गैरसमज अद्याप आढळतो. देवाधर्मावरच ही बंदी आहे, असे काहीजण समजतात. प्रत्यक्षात कायद्याच्या कलम १२ ने प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन एवढेच नव्हे, तर दिवंगत संतांचे चमत्कार सांगणेही स्पष्टपणे वगळले आहे. ज्ञानेश्वरांनी भिंत चालविली ही कथा वर्गात वा कीर्तनात सांगणारा गुन्हेगार ठरत नाही. त्या चमत्काराचा हवाला देऊन भिंतीवर टांगावयाचा तांब्याचा पत्रा विकणारा ठरू शकतो. पालकास हा भेद या शब्दांत सांगितला, तर तो वाद घालीत नाही.

जाहिरातीबाबत कायदा कठोर आहे. मताबाबत त्याने तसेच व्हावे काय, याचे उत्तरही महाराष्ट्रातच मिळाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या केवळ पसंत केल्या. दोघींनाही अटक झाली. त्यांना लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-क होते. या कलमान्वये त्रासदायक वा गैरसोय करणारा मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत असे. गैरसोय कोणाची व किती, हे कोठेच सांगितलेले नव्हते. दोघींवरील खटला पुढे टिकला नाही. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केले. तरीही काही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयास पुन्हा बजावावे लागले. रद्द झालेले कलम इतकी वर्षे जिवंत राहते, ही नोंदवून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

मग मजकूर कोणीच काढू शकत नाही काय? तसे नाही. त्याच अधिनियमाचे कलम ६९-क केंद्र शासनास ठरावीक कारणांसाठी व ठरावीक पद्धतीने मजकूर रोखण्याचा अधिकार देते, आणि श्रेया सिंघल निकालात ते कायम राहिले. मात्र शासनाने आपल्याच कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्यासाठी २०२३ च्या नियमांत ‘तथ्य-तपासणी पथका’ची तरतूद केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्दबातल ठरविली. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींबाबत मुळीच सूट नाही. महाराष्ट्राने या विषयावर देशात सर्वप्रथम, १९८८ साली, कायदा केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम २२ मध्ये इंटरनेटवरील जाहिरातीचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलगा होण्याच्या औषधाचा संदेश म्हणूनच थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

शिक्षकाच्या हाती प्रत्यक्षात येणारे काम लहान आहे. संदेशात किंमत, दूरध्वनी क्रमांक वा मागणी नोंदविण्याचा दुवा आहे की नाही, हे प्रथम पाहावे. असल्यास तो जाहिरातीच्या कायद्याखाली येतो. नुसतेच कोणाचे मत असेल, तर ते पटो वा न पटो, त्यास प्रत्युत्तर द्यावे, पोलिसांत धाव घेऊ नये. शाळेच्या पालकगटावर असा संदेश ‘खात्री नाही, पण पाहा’ असे म्हणूनही पुढे पाठवू नये, कारण गुरुजींनी पाठविलेला संदेश गावात खराच समजला जातो, आणि मधुमेहाच्या रोग्याने गोळ्या थांबविल्यास त्याची भरपाई नाही.

तक्रार करण्यापूर्वी संदेश पुसून टाकू नये. पडद्याचे चित्र जपून ठेवून दिनांक, वेळ, विक्रेत्याचा क्रमांक व सांगितलेली किंमत टिपून घ्यावी. यंत्र, ताईत व अंगात येण्याचे प्रकार यांसाठी पोलीस ठाण्यातील निरीक्षक हे २०१३ च्या कायद्याखालील दक्षता अधिकारी असतात. औषधाच्या जाहिरातीसाठी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे अर्ज द्यावा. इतर फसव्या जाहिरातींची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदविता येते.