सोयरीक आणि बोली

परकी भाषा बोलणाऱ्या माणसाशीं संबंध जोडतांना माणूस सावध असतो. शब्द कळला नाहीं तर तो विचारतो, खुणेनें बोलतो, दुभाषी शोधतो. गैरसमज झालाच तर तो हसण्यावारी जातो. खरी अडचण येते ती एकाच भाषेच्या दोन बोली एका घरांत नांदूं लागतात तेव्हां. तेथें शब्द ओळखीचा असतो, म्हणून त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. आणि अर्थ मात्र निराळा असतो, म्हणून मन दुखावतें. विवाह ठरण्याच्या नाजूक काळांत तर एवढ्याशा शब्दावरून होऊं घातलेली सोयरीक मोडण्यापर्यंत पाळी येते.

गडचिरोली जिल्ह्यांतील कुरखेडा हें तालुक्याचें गांव या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. पूर्वेस कोरचीवरून पुढें गेलें कीं छत्तीसगड लागतें, आणि तिकडील बोली कुरखेड्याच्या बाजारांत सहज कानांवर येते. भोंवतालच्या जंगलांतील गांवांत गोंडी बोलतात. धानाच्या बांध्या कसणाऱ्या कुटुंबांची बोली झाडीबोली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेलें मराठीचें हें पूर्वेकडील रूप होय. त्यांत नोकरीनिमित्त आलेल्या मंडळींची भर पडते. शिक्षक, वनरक्षक, परिचारिका, बँकेंतील कारकून, पोलीस; कोणी साताऱ्याकडील, कोणी नाशिककडील, कोणी लातूरकडील.

पूर्वीं सोयरीक चार-सहा कोसांच्या आंत होई. मध्यस्थ दोन्ही घरांचा असे, आणि इकडचा शब्द तिकडे नेतांना त्याचा अर्थही तोच नेत असे. आतां मुलगा आणि मुलगी शिकतांना किंवा नोकरीवर भेटतात, मोबाइलवर बोलतात, एकमेकांस पसंत करतात आणि मग वडीलधाऱ्यांस कळवितात. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु मध्यस्थ गेला आणि त्याच्याबरोबर शब्दांचा खुलासाही गेला, हें खरें.

गोंडींत पाण्याला ‘येर’ म्हणतात. मराठी माणसास तें प्रथम ‘ये रे’ असें ऐकूं येईल. पण त्याचा गोंधळ क्षणभरच टिकतो. समोरची भाषा आपली नव्हे हें त्याला ठाऊक असतें, म्हणून तो विचारतो आणि प्रश्न मिटतो. मराठीच्या दोन बोलींत असें होत नाहीं. साताऱ्याकडील एक तरुण शिक्षक कुरखेड्यास आला आहे आणि तालुक्यांतीलच एका मुलीशीं त्याचा विवाह व्हावयाचा आहे, अशी कल्पना करावी. तो प्रथमच मुलीच्या घरीं जातो. ओसरीवर बसलेले आजोबा विचारतात, ‘का गा, कधी आला?’ तरुण चपापतो. त्याच्या गांवीं ‘गं’ हें संबोधन बायकांसाठींच. पुरुषाला, तेंही होऊं घातलेल्या जांवयाला, बाईप्रमाणें हांक मारावी हा त्याला सरळ अपमान वाटतो. त्यांत ‘आलात’ नाहीं, ‘आलास’ही नाहीं, नुसतें ‘आला’.

वास्तविक आजोबांनीं त्याला जवळ घेतलें आहे. पूर्व विदर्भांत ‘गा’ हें पुरुषाला उद्देशून वापरण्याचें संबोधन आहे, आणि तें आपल्या माणसासाठीं राखलेलें असतें. परक्या पाहुण्यास ते ‘जी’ म्हणाले असते. शिवाय हा ‘गा’ खेड्यांतील माणसानें बिघडविलेला शब्द नव्हे. तेराव्या शतकांतील महानुभावांच्या गद्यांत, लीळाचरित्रांत, तो आहे. ज्ञानेश्वरींत ‘अगा’ वारंवार येतें. पश्चिमेकडील मराठीनें तो टाकून दिला, झाडीनें तो जपला. तेव्हां ज्या शब्दामुळें तरुणाला राग आला, तो त्याच्या स्वतःच्याच भाषेचा जुना ठेवा आहे. स्त्रीला उद्देशून इकडे ‘वो’ म्हणतात. पुणेरी कानाला त्यांत ‘अहो’चा भास होतो, आणि आई लेकीला अहोजाहो कां करते हें कोडें त्याला पडतें.

‘जी’ची गोष्ट याच्या उलट आहे. मोबाइलवर मुलगी ‘हो जी’, ‘नाही जी’ असें उत्तर देते. तरुणाला वाटतें, ही अजून अंतर ठेवून बोलते, हिंदी चित्रपटांतला शिष्टाचार पाळते. परंतु या मुलखांत ‘जी’ घरांतला आहे. मुलगी बापाला ‘जी’ म्हणते, सून सासऱ्याला म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते. ज्या दिवशीं तिनें त्याला प्रथम ‘जी’ म्हटलें, त्या दिवशीं तिनें मनानें होकार दिला असेंही असूं शकेल. आणि तो मात्र तिच्या कोरडेपणाचा विचार करीत बसलेला.

याहून मोठा घोळ क्रियापदांचा. विदर्भांत चालू क्रिया सांगावयाची ती ‘राहणें’ या क्रियापदानें. ‘काय करून राहिला?’ म्हणजे ‘काय करतो आहेस?’ ‘मी येऊन राहिली’ म्हणजे ‘मी येत आहें’. हिंदींतील ‘कर रहा है’ या रचनेशीं याचें साम्य उघड आहे. साताऱ्याच्या कानाला मात्र ‘येऊन राहिली’ म्हणजे आली आणि थांबली. मग तो बसस्थानकावर धांवतो, तेथें कोणी नसतें, अर्धा तास उभा राहतो, आणि ती घरून निघतच होती असें कळल्यावर तिला खोटें बोलण्याची संवय आहे असा ग्रह करून घेतो. दुसरी खोड म्हणजे द्वितीय पुरुषाचा ‘स’ गळतो. ‘तू कुठे जाते?’ असें त्यानें ऐकलें कीं ही कोणा तिसरीविषयीं विचारते आहे असें त्याला वाटतें. अर्थात् असल्या लकबी पूर्वेकडेच आहेत असें नव्हे. कोल्हापूरकडील मुलगी स्वतःविषयीं ‘मी आलो’, ‘मी जातो’ असें पुल्लिंगी बोलते. ती सून होऊन कुरखेड्यास आली तर हसणारे इकडचे असतील.

हा प्रकार जगांतील पुष्कळ भाषांत आहे. स्पॅनिश ही वीस देशांच्या आसपास राजभाषा असलेली भाषा; तेथें तो मोठ्या प्रमाणावर दिसतो. क्यूबा आणि पोर्तो रिको येथें ‘ग्वाग्वा’ म्हणजे मोटारबस. चिली आणि पेरू या देशांत तोच शब्द तान्ह्या मुलाला लावतात. ‘ग्वाग्वा घेऊन येतें’ असें चिलीची तरुणी म्हणाली तर हॅवाना येथील तिच्या मित्राला ती बसनें येणार असें वाटेल. ‘आओरिता’ हा शब्द मेक्सिकोंत ‘आतां’ असें सांगतो खरा, पण तो ‘आतां’ या क्षणापासून संध्याकाळपर्यंत कितीही ताणतां येतो. पोर्तो रिकोंत त्याचा अर्थ ‘थोड्या वेळानें’ असाच घेतात. वाट पाहणाऱ्याचें मन तेथेंही कुरखेड्याच्या बसस्थानकाप्रमाणेंच जळत असणार. स्पेनमध्यें ‘घेणें’ या अर्थानें रोज वापरलें जाणारें एक क्रियापद तर मेक्सिको आणि अर्जेंटिना येथें असभ्य समजलें जातें. तें येथें न सांगितलेलेंच बरें.

स्वयंपाकघरांतील गैरसमज त्या मानानें निरुपद्रवी. विदर्भांत कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ‘भाजीत सांबार टाक’ असें सासूनें सांगितलें तर पुण्याकडील सून दाक्षिणात्य आमटी शोधूं लागेल; आणि हा जंगलाचा मुलूख असल्यामुळें एखादीला सांबर हें जनावरही आठवेल. चून म्हणजे इकडे बेसनाचें पिठलें. कोंकणांत आणि गोव्यांत चून म्हणजे ओल्या नारळाचें सारण. आलू म्हणजे बटाटा, अळूची पानें नव्हेत. असल्या चुकांवर दोन्ही घरें मनमोकळें हसतात, आणि आठवडाभरांत त्या सुटतात.

न सुटणाऱ्या चुका मनाच्या असतात. नागपूरकडे हिंदीच्या वळणानें ‘चाल, तुला घरी सोडून देतो’ असें म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच कीं घरापर्यंत पोंचवितो. इतर ठिकाणीं ‘घरीं सोडतो’ म्हणतील. ‘सोडून देणें’ म्हणजे टाकून देणें. साखरपुडा झालेल्या मुलीला हें वाक्य कानीं पडलें म्हणजे तिच्या काळजांत काय होईल हें सांगावयास नको. तसाच ‘बाई’ हा शब्द. विदर्भांतील अनेक घरांत थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ‘उद्या आमची बाई तुम्हाला पाहायला येऊन राहिली’ असा निरोप मुंबईच्या घरीं गेला, तर तेथें बाई म्हणजे कामवाली. मोलकरणीकडून आपल्या मुलाची परीक्षा होणार या विचारानें तें घर चिडेल, आणि जिनें लग्नासाठीं सर्वांत अधिक खटपट केली त्या बहिणीचें स्वागत थंडपणें होईल.

शब्दांची अदलाबदल एक वेळ समजावून देतां येते. उच्चारांविषयींचा आकस समजावून जात नाहीं. झाडीबोलींत ‘ण’ नाहीं, तेथें ‘न’ आहे. ‘ळ’ नाहीं, तेथें ‘र’ येतो. पाणी तें पानी, लोणी तें लोनी, डोळा तो डोरा, काळा तो कारा. मुलगी पदवीधर असो, शिक्षिका असो, तिच्या तोंडून ‘पानी’ निघालें कीं वरपक्षाकडील एखादी मावशी डोळे मोठे करते. यांतील विसंगति पाहण्यासारखी आहे. हिंदी बोलणारा ‘पानी’ म्हणतो तें शुद्ध. झाडींतील मुलगी म्हणते तें अशुद्ध. खरें पाहतां शुद्धतेचा येथें संबंध नाहीं. ज्या गांवाच्या हातीं शाळा, छापखाना आणि कचेरी आली, त्या गांवाची बोली प्रमाण ठरली, एवढाच याचा इतिहास.

आणि हा मुलूख त्या गांवापासून फार काळ दूर होता. चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. पुढें इंग्रजांनीं नागपूरचें राज्य खालसा करून १८६१ सालीं तें मध्यप्रांतांत घातलें. त्या प्रांतांत मराठीच्या शेजारीं हिंदीचा मोठा प्रदेश होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. गडचिरोली हा निराळा जिल्हा तर १९८२ सालचा. शतकभर ज्याचा व्यवहार नागपूर, रायपूर आणि जबलपूरकडे पाहून चालला, त्या मुलखाचें बोलणें पुण्यासारखें नाहीं यांत आश्चर्य तें काय? ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत नागपुरी आणि वऱ्हाडी यांना मराठीच्या बोली म्हणूनच स्थान दिलें आहे. हलबीचा विचारही त्याच खंडांत केला आहे. अलीकडे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा शब्दकोश तयार केला. प्रत्येक वधुपित्यानें तो वरपक्षास आहेरांत द्यावा असें कोणी गमतीनें सुचविलें, तर त्यांत तथ्य आहे.

कारण आकसाचा परिणाम एकाच दिशेनें होतो. वराचें कुटुंब आपली बोली सोडीत नाहीं, मुलगी सोडते. प्रथम ती ‘पानी’ म्हणण्यापूर्वीं थबकते. मग वाक्य मनांत जुळवून बोलते. मग कमी बोलते. सासरीं म्हणतात, सून गरीब स्वभावाची आहे, तोंडांतून शब्द काढीत नाहीं. माहेरीं तीच मुलगी मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक पाहून सकाळीं साऱ्या पात्रांच्या नकला करीत असे. तिचा नवरा ज्या मुलीवर भाळला ती हीच होती, आणि ती कोठें गेली हें त्याला वर्षभर उमगत नाहीं. असा अबोला भांडणापेक्षां वाईट. भांडणांत निदान दोघांचाही आवाज असतो.

कांहीं घरांनीं यांतून वाट काढलेली दिसते. जेथें नवराच प्रथम दोन-चार शब्द उचलतो, सासऱ्याला ‘जी’ म्हणतो, आजोबांच्या ‘गा’ला ‘हो जी’ अशी ओ देतो, तेथें मुलीची जीभ मोकळी राहते. त्या घरांतील मुलें दोन्ही बोली सहज बोलतात; बापापाशीं ‘येतोस का’ आणि आजीपाशीं ‘येतं का’ असें एका दमांत म्हणतात, आणि त्यांना त्यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. शाळेंत प्रमाण मराठी लिहावी हें योग्यच आहे, तिच्यावांचून परीक्षा आणि नोकरी होत नाहीं. पण जेवतांना कोणी व्याकरण तपासूं नये.

निरोपाचा एक शब्द तर प्रत्येक परक्या जांवयानें मुद्दाम समजून घ्यावा. विदर्भांत ‘ये’ आणि ‘जा’ यांहून निराळीं ‘येजो’, ‘जाजो’, ‘करजो’ अशीं रूपें आहेत. ‘ये’ म्हणजे आतां ये. ‘येजो’ म्हणजे पुढें कधीं जमेल तेव्हां ये, पण ये. आज्ञा आहे, परंतु तिला घाई नाहीं. प्रमाण मराठींत यासाठीं एक शब्द नाहीं. ‘येत जा’, ‘ये बरें का’ असें कांहीं तरी जोडून बोलावें लागतें. वडशाच्या रेल्वे फलाटावर गाडी सुटतांना मुलीची आई जांवयाला म्हणते, ‘जपून जाजो, दिवाळीले येजो.’ तीं रूपें ज्याला कळत नाहींत, त्याला सासूनें एकेरींत हुकूम सोडला असें वाटतें. ज्याला कळतात, तो खिडकींतून हात हलवीत म्हणतो, ‘हो जी.’