गेममधल्या काठीवर खऱ्या कंपनीचं नाव

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं, की नौपाड्यात गोल्फवरचं व्याख्यान ऐकायला कोण येणार? प्रश्न रास्त आहे. गोखले रोडवरच्या दुकानात बॅट मिळेल, कॅरमची पावडर मिळेल, शटलचा डबा मिळेल. गोल्फचा सेट मागितला तर दुकानदार आपल्याला जरा निरखून बघेल. खरं मैदान पाहायचं तर सिडकोचं खारघर व्हॅली किंवा चेंबूरचं प्रेसिडेन्सी, आणि आपल्यापैकी तिथे कितीसे गेले असतील! पण गोल्फ खिशातल्या फोनवर आहे. ज्याने खरा क्लब, म्हणजे आपण ज्याला गोल्फची स्टिक म्हणतो ती, कधी हातात धरलेली नाही, त्यालाही कॅलवे, टेलरमेड, पिंग ही नावं फोनवरून ठाऊक होतात. ती नावं तिथे काय करतात, कुणासाठी करतात आणि पैसे कुठून कुठे जातात, हे आज आपण बघू.

उदाहरण म्हणून 'वर्ल्ड गोल्फ टूर' हा गेम घेऊ. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कंपनीने तो काढला. सुरुवातीला तो ब्राउझरमध्ये चालायचा, नंतर फोनवर आला. सेंट अँड्र्यूजसारखी खरी मैदानं छायाचित्रांवरून पडद्यावर उभी केली, हे त्याचं वैशिष्ट्य. खेळायची रीत सोपी आहे. खाली एक पट्टी असते, तिच्यावर काटा सरकतो, आणि तो नेमक्या रेघेवर आला की बोट लावायचं. बोट जरा पुढेमागे झालं की चेंडू झाडीत किंवा पाण्यात.

गेम फुकट आहे. विकलं जातं ते सामान. दुकान उघडलं की खऱ्या कंपन्यांच्या नावांचे क्लब दिसतात. प्रत्येकापुढे आकडे असतात: किती लांब जाईल, किती अचूक जाईल, तुमची चूक किती पोटात घालेल. जसजशी तुमची पातळी वाढते तसतसे वरचे क्लब खुले होतात. ते गेममधल्या क्रेडिटवर घ्यायचे, आणि क्रेडिट थोडं खेळून मिळतं, नाहीतर खरे पैसे भरून. चेंडूसुद्धा विकत. काही चेंडूंनी तो पट्टीवरचा काटा हळू सरकतो, म्हणजे बोट लावणं सोपं जातं. आता विचार करा, खऱ्या जगात असा चेंडू कोण बनवेल, की ज्याने खेळणाऱ्याचं घड्याळच मंद होतं?

इथे जरा थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे.

खऱ्या गोल्फमध्ये सामानावर कडक बंधनं आहेत. नियम ठरवणाऱ्या दोन संस्था आहेत, ब्रिटनमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब. त्याच्या डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटिमीटरच्या वर चालत नाही (मोजमापाची थोडी सूट वेगळी). त्याच्या पत्र्याला स्प्रिंगसारखा उसळा किती असावा, यावरही मर्यादा आहे. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नको. फेरीत पिशवीत १४ पेक्षा जास्त क्लब नकोत. याचा परिणाम असा, की चांगल्या कंपन्यांचे वरचे ड्रायव्हर याच कुंपणाला टेकून उभे आहेत. फरक असतो, नाही असं नाही, पण तो तुमच्या अंगलटीला, तुमच्या फटक्याच्या वेगाला कुठला क्लब जुळतो याचा असतो. क्रिकेटमध्येही तेच. ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटरपर्यंत आणि जाडी ६७ मिलिमीटरपर्यंतच चालते. रुंदीला १०८ ची मर्यादा आधीपासून आहेच.

गेमला मात्र शिडी लागते. खालच्या पायरीवरचा क्लब आणि वरच्या पायरीवरचा क्लब यांत डोळ्यांना दिसेल एवढा फरक नसेल, तर वरचा विकत कोण घेईल? म्हणून गेममधलं 'अंतर' वाढतं ठेवावं लागतं. ते अंतर धातूच्या अंगचं नसतं; ते गेमच्या कोष्टकातला एक आकडा असतं. त्या आकड्याशेजारी खऱ्या कंपनीचं नाव बसलं, की वाचणाऱ्याला तो आकडा प्रयोगशाळेत मोजल्यासारखा वाटतो.

आपल्याकडची एक गोष्ट इथे आठवते. १९९६ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने सर्वाधिक ५२३ धावा केल्या, त्या कोऱ्या बॅटीने. बॅटीवर कुणाचाच स्टिकर नव्हता. त्यानंतर एमआरएफ आलं, आणि एमआरएफ ही तर टायरची कंपनी! मग गल्लोगल्ली पोरांनी काश्मीर विलोच्या बॅटींवर पाच-दहा रुपयांचा एमआरएफचा स्टिकर चिकटवला. नंतर संगणकावर ईएचा 'क्रिकेट ०७' आला. त्यात भारतीय संघाचे हक्क घेतलेले नव्हते, म्हणून खेळाडूंची नावं मोडूनतोडून होती. हौशी लोकांनी पॅच तयार करून नावं सुधारली, जर्सी बदलल्या, बॅटींवर खरे स्टिकर चढवले. कुणी पैसे घेतले नाहीत, कुणी दिले नाहीत. पण नीट बघा: गल्लीतल्या स्टिकरने बॅटीला जोर येत नव्हता, आणि पॅचमधल्या स्टिकरनेही नाही. ती नुसती हौस होती. गोल्फच्या या गेममध्ये नाव आणि जोर एकाच पाकिटात विकले जातात. हौसेला आम्ही कधीच नावं ठेवणार नाही. हिशेब वेगळा झाला आहे, एवढंच सांगतो.

आता पैसे कोण कुणाला देतं? रस्त्यावरच्या होर्डिंगला कंपनी पैसे देते. खेळण्यातल्या गाडीवर खरं नाव हवं असेल तर खेळणं बनवणारा गाडीवाल्याला पैसे देतो. गेममधला क्लब या दोन्हींच्या मध्ये बसतो. तो कंपनीची जाहिरात करतो आणि गेमवाल्याचा माल म्हणून विकलाही जातो, त्यामुळे करार दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात कलम २९(४) आहे: नावाजलेल्या चिन्हाचा, अगदी वेगळ्या प्रकारच्या मालावरही, योग्य कारणाशिवाय गैरफायदा घेता येत नाही. म्हणून कुठलाही शहाणा गेमवाला नावाचा करार करूनच टाकतो.

अमेरिकेत याची दुसरी बाजूही दिसते. २०१३ साली ईएने सांगितलं, की युद्धाच्या गेममध्ये बंदुकांची नावं वापरू, पण कंपन्यांना परवान्याचे पैसे देणार नाही. २०२० मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'तल्या हमवी गाडीवरून खटला झाला आणि न्यायालयाने गेमवाल्याच्या बाजूने निकाल दिला. वास्तव दाखवण्यासाठी नाव वापरणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे, असं त्यातलं सूत्र. पण तिथे गाडी ही कथेतली वस्तू होती. क्लब दुकानात मांडून विकायचा असेल तर हा बचाव किती टिकेल, शंका आहे. खेळाच्या गेममध्ये परवाने घेतले जातात ते यामुळेही.

आता या गोष्टीतला सगळ्यात गमतीचा भाग. 'वर्ल्ड गोल्फ टूर' २०१६ मध्ये टॉपगोल्फने घेतला. आणि मार्च २०२१ मध्ये टॉपगोल्फ कॅलवेमध्ये विलीन झाली. म्हणजे ज्या दुकानात कॅलवेचे क्लब प्रतिस्पर्ध्यांच्या क्लबांशेजारी मांडलेले, त्या दुकानाची मालकी कॅलवेच्या घरात गेली. यातून काही वावगं घडलं असं आम्ही म्हणत नाही. पण तराजू धरणारा आणि माल आणणारा एकाच घरातले असले, तर काट्याकडे बघायची सवय गिऱ्हाइकाने ठेवावी, हे नौपाड्याच्या भाजी मार्केटात आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

(इथे श्रोत्यांतून एका आजोबांनी प्रश्न विचारला: नातवाने फोनवरून असं सामान घेतलं. पैसे तर गेले, पण वस्तू आमची झाली का?)

काका, वस्तू तुमची झालेली नाही. तुम्ही घेतला तो वापरायचा परवाना. गेमच्या अटींत तसं लिहिलेलं असतं, आपण 'मान्य' दाबून पुढे जातो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आला: डिजिटल माल विकताना 'विकत घ्या' असं म्हणायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ठळक सांगा. शिवाय या परवान्याखाली आणखी एक परवाना आहे, गेमवाल्याने कंपनीकडून घेतलेला, आणि त्यालाही मुदत असते. 'फोर्झा होरायझन ४' हा मोटारींचा गेम डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढला, कारण त्यातल्या खऱ्या गाड्यांचे करार संपत होते. आधी घेतलेल्यांना तो खेळता येतो, पण नव्याने घेता येत नाही. ऑनलाइन गोल्फमध्ये तर सर्व्हर बंद झाला की पिशवीतले चौदाच्या चौदा क्लब एकदम जातात.

नातू अठराच्या आतला असेल तर आणखी एक गोष्ट. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान मुलगा करार करायला पात्र नाही, आणि त्याने केलेला करार मुळातच रद्दबातल, असं प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं आहे. पण खातं तुमच्या नावावर आणि कार्ड तुमचं असेल, तर समोरचा म्हणणार, व्यवहार तुमचाच. म्हणून आधी फोनच्या प्ले स्टोअरमध्ये जाऊन खरेदीला पासवर्ड लावा. खरेदी होऊन गेली असेल तर थांबू नका. स्टोअरच्या खरेदीच्या यादीतून परताव्याचा अर्ज आजच करा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.