पडले तरी पुन्हा उडणारे विमान

ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी तुमच्यापैकी काहींनी केली असेल. नसेल तर आजोबांनी करून दिलेली पाहिली तरी असेल. धांड्याची साल सोलायची, आतले पांढरे, मऊ भेंड वेगळे करायचे आणि भेंडाच्या तुकड्यांत सालीच्या काड्या खोचायच्या, की चाके, जू, साटी सगळे तयार! ही गाडी माळवदावरून अंगणात पडली तरी मोडत नाही. फार तर एखादी काडी निसटते; ती पुन्हा खोचली की गाडी चालू.

लोखंडी खेळणे त्याच उंचीवरून पडले तर वाकते, काचेचे फुटते. मग भेंडाला काहीच कसे होत नाही? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात आजच्या एका मोठ्या मजेदार छंदाचे रहस्य दडलेले आहे. तो छंद म्हणजे फोमची, विजेच्या मोटरीवर चालणारी, बिनतारी नियंत्रणाची छोटी विमाने उडवणे.

भेंड आणि फोम

भेंडात असंख्य सूक्ष्म कप्पे असतात व वाळल्यावर त्यांत हवाच उरते. फोमचेही तसेच आहे. थर्माकोलच्या ठोकळ्यात आकारमानाने सुमारे ९८ टक्के हवा असते. प्लॅस्टिक असते ते केवळ कप्प्यांच्या भिंतींपुरते. विमानांसाठी थर्माकोलपेक्षा चिवट फोमही मिळतात. त्यांतला एक, पॉलिप्रॉपिलीनचा फोम, मोटारींच्या बंपरच्या आत धक्का सोसण्यासाठी वापरतात. तो दाबला तर दबतो आणि सोडला की बऱ्याच अंशी मूळ आकारात येतो.

मात्र नुसत्या फोमचा लांब पंख हवेत वाकेल. इथेही धांडाच आपला गुरू. पंख वर वाकू लागला की त्याचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. मधल्या थराला विशेष ताण नसतो. म्हणून मजबुती हवी ती वर आणि खाली, मध्ये हलके भेंड चालते. ज्वारीचे ताट वाऱ्यात उभे राहते ते याच तत्त्वावर. छंदिष्ट मंडळी फोमच्या पंखात बांबूची कामटी किंवा कार्बन तंतूंची काडी बसवतात, पृष्ठभागावर चिकटपट्टी ओढतात, ते सालीचेच काम होय.

हलके ते सावकाश

विमानाला उचलून धरणारे बल कशावर अवलंबून असते? हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांवर. शिवाय पंखाचा आकार व तो हवेला किती तिरका धरला आहे यावर. समजा, आपल्या विमानाचे वजन ३०० ग्रॅम आहे. पंख ९० सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ०.१६२ चौरस मीटर. दर चौरस मीटर पंखावर भार पडतो १.८५ किलोग्रॅम. आता एअरबस ए-३२० हे प्रवासी विमान घ्या. उड्डाणावेळी त्याचे वजन जास्तीत जास्त सुमारे ७८ टन आणि पंख सुमारे १२२ चौरस मीटर. भार पडतो चौरस मीटरला ६३० किलोग्रॅमहून अधिक!

भार जितका जास्त, तितका वेग जास्त हवा. पण तो भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. भार चौपट तर वेग दुप्पट. म्हणून प्रवासी विमानाला जमीन सोडायला ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, तर आपल्या फोमच्या विमानाला ताशी सुमारे २३ किलोमीटर पुरतात. जोरात सायकल मारणाऱ्या मुलाचा हा वेग. म्हणूनच त्याला धावपट्टी लागत नाही; हाताने फेकले तरी ते उडते.

आता हे विमान सेकंदाला ८ मीटर वेगाने जमिनीवर आदळले असे धरा. त्याची गतिज ऊर्जा किती? वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणा : ९.६ जूल. पाण्याची एक लिटरची बाटली एक मीटरवरून पडताना जेवढी ऊर्जा मिळवते, जवळजवळ तेवढीच. उलट, दोन किलोचे लाकडी विमान सेकंदाला २० मीटर वेगाने आदळले तर ४०० जूल, म्हणजे तीच बाटली चाळीस मीटरवरून पडल्यासारखे. बाल्सा लाकडाचा पंख महिनाभर खपून करावा आणि पहिल्याच उड्डाणात त्याचे तुकडे गोळा करावेत, हा अनुभव जुन्या पिढीतल्या पुष्कळ छंदिष्टांना आला. फोमचे विमान नाकावर पडते, नाक चेपते. गोंद लावून दहा मिनिटांत ते पुन्हा हवेत!

या चिवटपणाचे मोल शिकणाऱ्याला फार मोठे आहे. लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावे परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्रभर ओळखली जातात. ‘लातूर पॅटर्न’ तर सर्वांना ठाऊक आहे. बलाचे आघूर्ण, गुरुत्वमध्य, गतिज ऊर्जा यांवरची शेकडो उदाहरणे इथली मुले सोडवतात. पण उत्तरपत्रिकेत चुकले की गुण जातात, म्हणून चुकण्याची भीती बसते. विमानाच्या बाबतीत परीक्षक असतो वारा. तो चूक लगेच दाखवतो, आणि दुरुस्त करून लगेच पुन्हा परीक्षेला बसू देतो. चूक स्वस्त झाली की माणूस धीट होतो आणि धीट झाला की शिकतो.

हवेतून जाणारे हुकूम

बिनतारी लहरींनी दूरची वस्तू चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशी छोटी बोट चालवून दाखवली, तेव्हा लोक थक्क झाले. विजेच्या मोटरीवरचे बिनतारी विमान मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ते उडवले. त्या वेळच्या बॅटऱ्या जड होत्या, मोटरी अशक्त होत्या. पुढे निओडिमियमची प्रबळ चुंबके व लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्या आणि हा छंद शाळकरी मुलांच्या हाती पडला.

तुमच्या हातातला प्रेषक आज २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी सोडतो, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की तरंगलांबी मिळते : साडेबारा सेंटिमीटर. तिच्या पाव लांबीची, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटरची तार विमानातल्या ग्राहीला पुरते. पूर्वी काही देशांत ७२ मेगाहर्ट्झचे संच वापरीत. त्या लहरींची पाव लांबी मीटरभर भरते, म्हणून विमानाच्या मागे लांब वायर लोंबत असे!

जुन्या संचांत आणखी एक पंचाईत होती. मैदानावर दोघांचे प्रेषक एकाच वारंवारतेवर असले की हुकमांची गल्लत होई आणि विमान कोसळे. आजच्या अनेक संचांत प्रेषक व ग्राही ठरलेल्या क्रमाने एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या मारत राहतात. दुसऱ्या जोडीचा क्रम वेगळा, म्हणून दोघांत गोंधळ होत नाही. अशा उड्यांच्या एका पद्धतीचे पेटंट १९४२ मध्ये हेडी लामार ही चित्रपट अभिनेत्री व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना मिळाले होते. त्यांना पाणतीराला दिलेले हुकूम शत्रूपासून वाचवायचे होते.

ग्राहीला मिळालेला हुकूम सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरीकडे जातो. सेकंदाला सुमारे ५० वेळा तिला विजेचा स्पंद मिळतो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असेल तर तिचा दांडा मध्यावर, एकाचा असेल तर एका टोकाला, दोनाचा असेल तर दुसऱ्या टोकाला. दांड्याला जोडलेली तार शेपटीची पट्टी हलवते आणि विमान वळते किंवा चढते.

बॅटरीतला एव्हरेस्ट

अशा विमानाला ७.४ व्होल्ट व १००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी चालते. तिच्यात ऊर्जा किती? ७.४ वॉट-तास, म्हणजे सुमारे २६,६०० जूल. ही सगळी ऊर्जा ३०० ग्रॅमचे विमान नुसते वर उचलण्यात खर्ची पडली असती, तर ते ९ किलोमीटर वर, एव्हरेस्टच्या माथ्याहून उंच गेले असते! प्रत्यक्षात विमान दहा-बारा मिनिटे फिरते आणि उतरते. मग ऊर्जा गेली कुठे? हवा मागे ढकलण्यात, तिचा विरोध मोडण्यात आणि मोटर व तारा तापण्यात.

नांदेडची हवा, लातूरची हवा

नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर. तापमान सारखे असेल तर लातूरची हवा नांदेडपेक्षा सुमारे ३ टक्के विरळ असते. पण उन्हाळा याहून मोठा फरक पाडतो. नांदेडला हिवाळ्यातल्या पहाटे १२ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी ४३ अंश तापमान धरले, तर दुपारची हवा सुमारे १० टक्के विरळ भरते. तेच विमान हवेत ठेवायला मग वेग ५ टक्के वाढवावा लागतो.

उन्हाळ्यात काळी जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम होऊन वर उसळते. वावटळी उठतात त्या यामुळेच. पंख न हलवता घिरट्या घालत चढणारी घार याच वर जाणाऱ्या हवेवर स्वार झालेली असते. सराव झालेला वैमानिक घारीच्या खालोखाल विमान नेऊन, मोटर बंद करूनही उंची मिळवू शकतो. नवशिक्याने मात्र पावसाळा सरल्यानंतरची सकाळ निवडावी. तेव्हा वारा बहुधा शांत असतो. जागा मोकळ्या माळाची घ्यावी. तुरीची धसकटे उभी असलेल्या रानात फोमलाही भोके पडतात.

उजवे की डावे?

पहिल्या उड्डाणाआधी गुरुत्वमध्य तपासा. पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून विमान तोला. साध्या विमानात ते पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर तोलले गेले पाहिजे. आपल्या विमानात साडेचार ते सहा सेंटिमीटरवर. गुरुत्वमध्य याच्या फार मागे गेला तर नाक जरा उचलले की ते उचलतच जाते आणि विमान कोसळते.

खरी गंमत पुढेच आहे. विमान तुमच्याकडे येऊ लागले की त्याचे उजवे तुमच्या डावीकडे असते. घाईत हात उलटा जातो. यावर एक युक्ती : येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकला असेल, त्या बाजूला काडी ढकला. पडत्या भिंतीला टेकू द्यावा तसे हे आहे. आणि विमान झाडांहून बरेच वर ठेवा, म्हणजे चूक सुधारायला वेळ मिळतो.

पथ्ये पाळा

विमान हलके असले तरी त्याचा पंखा बोट कापू शकतो. बॅटरी जोडल्यावर हात त्याच्यापासून दूर ठेवा. लिथियम बॅटरी फुगली, चेपली किंवा भोसकली गेली तर पेट घेऊ शकते. ती वडीलधाऱ्यांसमोर, फरशीवर ठेवून, तिच्यासाठीच्याच चार्जरने भारा. उन्हात ठेवू नका. माणसांवरून, रस्त्यावरून, विजेच्या तारांजवळ विमान नेऊ नका.

कायदाही पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये मर्यादा २०० फुटांची आणि त्यापलीकडे, इतर मनाई नसेल तिथे, ४०० फुटांची. नांदेडचा विमानतळ शहराला लागूनच आहे, म्हणून नांदेडकरांनी आधी अंतर मोजावे. नियम बदलत असतात; शिक्षकांसह ताजे नियम व नकाशा पाहूनच जागा ठरवा. आणि फोमचा तुटलेला प्रत्येक तुकडा उचलून आणा. रानात चरणाऱ्या गुराच्या पोटात तो जाऊ शकतो.

करून पहा

मोटर आणि रेडिओ यांना काही हजार रुपये लागतात. शाळेने एक प्रेषक घेतला तर तो अनेक विमानांना पुरतो. पण सुरुवातीला तेही नको. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातल्या टाकाऊ थर्माकोलची अर्धा सेंटिमीटर जाडीची पट्टी कापा. पंख ४० बाय ८ सेंटिमीटर, शेपटीची आडवी पट्टी १६ बाय ५, शिवाय एक छोटी उभी पट्टी. अंग म्हणून ३५ सेंटिमीटरची बांबूची कामटी. पंख मध्यावर दुमडून दोन्ही टोके तीन-तीन सेंटिमीटर वर उचला. सुतारकामाचा पांढरा गोंद वापरा. पेट्रोल किंवा ॲसिटोन असलेल्या गोंदाने थर्माकोल विरघळतो. नाकावर माती लावून गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून दोन ते अडीच सेंटिमीटरवर आणा आणि वारा नसलेल्या सभागृहात विमान अलगद पुढे सोडा.

ते नीट तरंगू लागले की अंतर मोजा. वेळ मोबाइलच्या चित्रफितीवरून काढा. मग बरोबर गुरुत्वमध्यावर नाणी चिकटवून वजन दुप्पट करा आणि थोड्या जास्त वेगाने, त्याच उंचीवरून सोडा. आता सांगा : वेग किती पटींनी वाढला? आणि जड झालेले विमान जवळ पडले, की जवळजवळ तितक्याच अंतरावर? आधी उत्तर वहीत लिहा, मगच फेका. उत्तर चुकले, तर विमान उचलून पुन्हा फेकायला कितीसा वेळ लागतो?