‘आई, ती मगर खरी आहे?’

“आई, हा चांगला की वाईट?” “ती का रडतेय?” जबलपूरच्या सराफ्यातील मराठी घर असो की आणखी कुठले, रविवारी टीव्हीवर चित्रपट लागला की चार-पाच वर्षांच्या चिमुरड्यांची सरबत्ती सुरू होते. मोठ्यांचा संवाद बुडतो आणि ठरलेले उत्तर मिळते, “गप्प बस, पुढे कळेल!”

पण मुलाला पुढचे नव्हे, आत्ताचे कळायला हवे असते. नायकाला जुने दिवस आठवताहेत, हे मोठ्यांना सवयीने समजते. लहानग्याला तो अचानक लहान कसा झाला, हेच कोडे पडते. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या 1923 सालच्या पुस्तकात सहा वर्षांच्या एकाच मुलाने दहा महिन्यांत विचारलेल्या 1125 प्रश्नांची नोंद आहे. घरोघरच्या आयांना हा आकडा कमीच वाटेल!

काही प्रश्नांमागे मात्र भीती असते. ‘मोहेंजो दारो’ (2016) मधील मगरीशी झुंज भेडाघाटला चित्रित झाली. सहलीत पाहिलेले संगमरवरी कडे पडद्यावर ओळखून मूल विचारते, “ती मगर खरी आहे?” चित्रपटातली मगर बनवलेली होती, पण नर्मदेत मगरी असतात. दोन्ही सांगावे, जवळ घेऊन आणि लगेच. बाकीचे ‘का’ आणि ‘कसं’ जाहिराती लागेपर्यंत थांबू शकतात. मात्र जाहिराती लागल्यावर मोठ्यांनीच तो विषय काढावा. मूल तेवढ्यात विसरले, असे समजून चहा टाकायला उठू नये.